झुंजार रॉयल

“डोळे कशाला मिटलेस? झोप लागली का काय?” साळुंखे म्हणाले.

रिव्हॉल्व्हर कानापाशी धरून मी अंगठ्याने त्याचा घोडा हळूहळू मागे ओढत होते आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने चक्राला जरासं अडवत होते. घोडा पुरता मागे जायच्या आत चक्र जागेवर बसल्याचा ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. तो उशिरा आला की समजायचं, गोळीचं घर नळीच्या नेमकं समोर आलेलं नाही, आणि असलं हत्यार एक दिवस चालवणाऱ्याच्याच तोंडावर शिसं उडवतं. स्वस्तातल्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहापैकी एखादं तरी घर असं आळशी निघतंच. मी त्या आळशी घराची वाट बघत होते.

सहाही घरं वेळेवर आली. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा आली. मेलं एकही चुकायला तयार नव्हतं.

“आक्का ऐकतीय, दाजी,” माझा धाकटा भाऊ नंदू काउंटरपलीकडून म्हणाला. “आबा असंच ऐकायचे.”

आबा म्हणजे आमचे वडील. फौजेत हत्यारं दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी साताऱ्यात हे बंदुकांचं दुकान घातलं. बाकीच्या पोरी भातुकली खेळायच्या तेव्हा मी बारा बोअरच्या नळीतून चिंधी ओढत बसायचे. आबांनी मला आणि नंदूला सारखंच शिकवलं, पण नंदूला दुकान मिळालं आणि मला साळुंखे. तोंडाने मी त्यांना ‘अहो’च म्हणायचे. मनातल्या मनात मात्र आडनावानेच हाक मारायचे, तेवढंच समाधान.

साळुंख्यांचा कोरेगावला खडी क्रशर होता. रोकड घेऊन फिरावं लागतं या कारणाखाली त्यांनी रिव्हॉल्व्हरचा परवाना काढला होता. खरं कारण वेगळं होतं. त्यांच्या बैठकीतल्या सगळ्यांच्या कमरेला काही ना काही लटकत होतं, आणि लग्नाकार्यात शर्ट जरासा वर सरकवून ते दाखवायची चढाओढ चालायची. सरकारी कारखान्याचं घ्यायचं तर जिवावर येत होतं, आणि परदेशी तर विचारायलाच नको. आमच्या घराची रीतच अशी, की कंपनी स्वस्तातली घ्यायची आणि मॉडेल मात्र वरचं. मिक्सर तसा, टीव्ही तसा, जीपसुद्धा तशीच. तेव्हा ‘झुंजार रॉयल’ नावाचं एक प्रकरण आपल्याच मेव्हण्याच्या दुकानात पडून आहे हे कळल्यावर ते घोड्यावर बसले.

ही झुंजार कंपनी पूर्वी जत्रेतले फुगे फोडायच्या बंदुका करायची. पुढे तिने एक स्वस्तातलं रिव्हॉल्व्हर काढलं. त्याला काळी प्लॅस्टिकची मूठ, आणि चाप असा की ओढताना विहिरीतून बादली शेंदल्यासारखं वाटावं. पण तेही खपलं. मग कंपनीला हुरूप आला आणि तिने रॉयल काढलं. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, आरशासारखं पॉलिश, सोनेरी चाप, आणि वर निळ्या मखमलीची पेटी. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मी पहिल्यांदा बघून म्हणाले होते. ज्याच्याकडे पैसा आहे तो झुंजारच्या वाटेला जात नाही, आणि जो झुंजार घेतो त्याला रॉयल परवडत नाही. साधी झुंजार हवी असतील तर एक रॉयल घ्यावंच लागेल, असं म्हणून कंपनीने ते नंदूच्या गळ्यात मारलं होतं. तेव्हापासून ते काचेच्या कपाटात पडून होतं.

परवान्याची मुदत संपत आली होती. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात हत्यार घेऊन कचेरीत दाखवलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून हेलपाटे. म्हणून आम्ही खंडेनवमीला सकाळीच साताऱ्यात आलो होतो. मुहूर्तावर पूजा करायची आणि तिथूनच घेऊन जायचं, असा बेत. फक्त एक अट होती. साळुंखे दुकानात शिरता शिरताच नंदूला म्हणाले होते, “मेव्हणा झालास तरी तू दुकानदार. तुझ्यावर माझा इस्वास न्हाई. हिला सासऱ्यांनी शिकीवलंय. ही हो म्हणली तर घ्यायचं, न्हाई म्हणली तर इथंच ठिवायचं.”

ते ऐकून मला हायसं वाटलं होतं. कारण मला ते घरात नको होतं. आणि झुंजारमध्ये खोट काढायला मला किती वेळ लागणार?

साळुंखे तंबाखू थुंकायला बाहेर गेले तेवढ्यात नंदू जवळ आला.

“आक्का, एवढं खपलं तर बरं होईल गं. दिवाळीच्या आत कंपनीला तोंड दाखवता येईल.”

“मला ते घरात नको आहे, नंदू.”

“का?”

“नको म्हणजे नको.”

“किमतीला भितीस? दाजींना मी कमी लावतो.”

“हो, किमतीलाच,” मी म्हणाले आणि टेबलावरचा दिवा जवळ ओढला.

मग मी त्या रिव्हॉल्व्हरच्या मागे हात धुऊन लागले. नळीच्या एका टोकाशी दिवा धरून दुसरीकडून बघितलं. आतले पीळ कडेपर्यंत स्वच्छ, कुठे ओरखडा नाही. चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीत कागद घालून बघितला. सहाही घरांना फट सारखी. चाप ओढलेला ठेवून चक्र हलवून बघितलं, तर दाराची कडी लागावी तसं घट्ट. नळीत रबराचं टोक खाली करून पेन्सिल टाकली, नळी आढ्याकडे धरली आणि चाप ओढला. आतली पिन जोरात बसत असेल तर पेन्सिल उडते. ती उडून छताच्या पंख्याला लागली. साळुंख्यांनी लहान पोरासारखी टाळी वाजवली.

मला रडू यायचं बाकी होतं. जन्मभर ज्या कंपनीने धड फुग्याची बंदूक केली नाही, तिला नेमकी याच नगावर अक्कल सुचावी? रिकाम्या वेळी शंभर खोटी निघतात, आणि गरज असते तेव्हा एक सापडत नाही.

“पॉलिशवर बोटांचे ठसे उमटतात,” मी म्हणाले.

“मग पुसायचे. त्यात काय?”

“जड आहे.”

“भारी वस्तू भारीच असनार की.”

“मूठ माझ्या हातात मावत नाही.”

“तुझ्या हातात कोण देतंय?” साळुंखे हसले. “माझ्या हातात बघ कशी बसतीय.” त्यांनी ते घेतलं आणि काउंटरवरच्या आरशासमोर उभे राहिले. बसत होती. त्यांचा हात मोठा, पंजा रुंद. मी नजर दुसरीकडे वळवली.

खोटं बोलायचं ठरवलंच असतं तर बोलता आलं असतं. चाप जड आहे म्हटलं तर त्यांनी ओढून बघितला असता. पण आतली स्प्रिंग वर्षभरात बसेल, असं म्हटलं तर ते कुणाला तपासता येणार होतं? वाक्य अगदी ओठांवर आलं. तेवढ्यात नंदूने माझ्याकडे बघितलं. त्याला स्प्रिंग कळत होती. आबांच्या दुकानात, आबांच्याच टेबलावर, चोख वस्तूला खोटी म्हणायचं, आणि तेही भावासमोर, हे माझ्या जिभेला जमेना. इकडे आड आणि तिकडे विहीर, अशी माझी गत झाली.

“चालवून बघितल्याशिवाय मी काही सांगणार नाही,” मी म्हणाले. गोळी उडाल्यावर भल्याभल्यांचं पितळ उघडं पडतं. माझी तेवढीच आशा उरली होती.

“पूजा झाली की चालवू,” नंदू म्हणाला. “मुहूर्त टळायला नको.”

आमच्या दुकानात खंडेनवमी दिवाळीपेक्षा मोठी. आबांचा नियम होता, की त्या दिवशी प्रत्येक हत्यार उघडं ठेवायचं. बंदुकीची नळी मोडून आणि रिव्हॉल्व्हरचं चक्र बाहेर काढून. देवापुढे हत्यार रिकामं आणि उघडं पाहिजे, मिटलेलं हत्यार देवालासुद्धा दाखवू नये, असं ते म्हणायचे. नंदूने पाट मांडला, लाल कापड घातलं, आणि बंदुकांच्या रांगेत मधोमध झुंजार रॉयल ठेवलं, चक्र बाहेर काढून. झेंडूचं फूल वाहिलं, हळदकुंकू वाहिलं. अक्षतांची वाटी त्याने आम्हा दोघांपुढे धरली.

मी दोन दाणे उचलले. साळुंख्यांनी मूठ भरून घेतली.

“शुभमंगल सावधान!” असं ओरडून त्यांनी ती मूठ लग्नात टाकतात तशी रिव्हॉल्व्हरवर उधळली. नंदू हसला, मीही हसले. खरं सांगायचं तर खुशीत असला की तो माणूस लाख मोलाचा होता. नंदूच्या पोरांसाठी पेढे आणले होते, दुकानातल्या आबांच्या फोटोला वाकून नमस्कार केला होता. लोकांनी त्यांना असंच बघितलं होतं. मग त्यांनी पाटावरून रिव्हॉल्व्हर उचललं आणि चक्राच्या पुढची दांडी खटखट दाबत बसले. ती दांडी दाबली की चक्राच्या मागची चांदणी वर उचलली जाते आणि उडवलेल्या गोळ्यांची टरफलं बाहेर पडतात. त्यांना तो खेळच सापडला.

मागच्या खोलीत वाळूने भरलेला एक लोखंडी पिंप होता. हत्यार त्यात उडवून बघायचं. नंदूने कपाटातून गोळी काढून साळुंख्यांच्या हातावर ठेवली.

“एकच? सहा दे की.”

“एकेक करून, दाजी. आबांची पद्धत.”

त्यांनी गोळी घातली आणि मनगटाला झटका देऊन चक्र आत मारलं, सिनेमात मारतात तसं. असं करणाऱ्या गिऱ्हाइकाला आबा हाताला धरून बाहेर काढायचे. चक्र नेहमीसारखं बसलं नाही, जरा घासून बसलं, हे माझ्या कानांना लागलं. पण तोवर साळुंख्यांनी हात लांब केला होता.

त्यांनी चाप ओढला. चाप जागचा हलला नाही.

पुन्हा ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. घोडा उठेना, चक्र फिरेना. तो सोनेरी चाप दगडात रुतल्यासारखा बसला होता.

त्या क्षणी मला झालेला आनंद मी काय सांगू! शेवटी कंपनीने आपली जात दाखवली, असं वाटलं. मला खोटं बोलायची गरज उरली नव्हती. मी मनात म्हणाले, आबा, सुटले.

“अडकलंय,” मी म्हणाले. “सोडा आता. जोर करू नका. आत गोळी आहे, नळी पिंपाकडेच ठेवा.”

पण त्यांनी ऐकलं नाही. ते तसेच वळले, आणि त्यांच्याबरोबर नळीही वळली. नंदू भिंतीला चिकटला.

“हे इकत हुतास व्हय मला?” त्यांचा आवाज चढला. “नात्यातला म्हणून आलो, तर भंगार गळ्यात बांधतुयास?”

“दाजी, नळी खाली करा आधी!”

“सगळ्या सातारला सांगतो मी. मोहित्यांच्या दुकानात सोयऱ्यालासुदिक फशिवत्यात म्हणून. तुझ्या बापानं असला धंदा केला नव्हता!”

“अहो, त्याला काय माहीत असणार? सकाळी चांगलं चालत होतं,” मी म्हणाले.

“तू गप! तुमी भाऊभैनीनं मिळून…”

ते वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी हात मागे घेतला आणि रिव्हॉल्व्हर फेकलं. भरलेलं, आत गोळी असलेलं. ते नंदूच्या कानाजवळून गेलं, लोखंडी कपाटावर आदळलं, आणि फरशीवर पडून गरगर फिरत पिंपापाशी थांबलं.

मी डोळे उघडले तेव्हा मला कळलं की मी खाली बसले आहे. भिंतीशी, अंग चोरून, दोन्ही हात डोक्यावर. कधी बसले ते मला आठवत नव्हतं. ते माझ्या बाजूला फेकलेलंसुद्धा नव्हतं.

नंदू रिव्हॉल्व्हरकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. एवढ्या सवयीने कुणी खाली बसतं का, हे त्याच्या तोंडावर वाचता येत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं माहेरी एक अक्षर कळू दिलं नव्हतं, आणि माझ्या अंगाने सगळं सांगून टाकलं.

मी उठले, पदर सारखा केला आणि रिव्हॉल्व्हर उचललं. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही. चक्र उघडायला अंगठ्याने जोर लावावा लागला. आधी गोळी काढून नंदूकडे दिली. मग दांडी दाबून चांदणी वर उचलली आणि दिव्याखाली धरली. चांदणीच्या खाली तांदळाचा एक दाणा चेपून बसला होता. कुंकू लागलेला, अर्धवट पीठ झालेला.

मला ते बघून काय वाटलं असेल? एक दाणा. तो दाबून ठेवून मी ‘माल खराब आहे’ म्हटलं असतं की संपलं. पण मग नंदू लबाड ठरत होता. साळुंखे तालुकाभर सांगत फिरले असते, आणि आबांच्या नावाची पाटी गेली असती. त्या हत्याराला वाचवल्याशिवाय माझा भाऊ वाचत नव्हता. चिडून चिडून मी कुणावर चिडणार? सुईच्या टोकाने मी तो दाणा काढला आणि बोटावर घेऊन साळुंख्यांसमोर धरला.

“ही तुमची अक्षता. मूठभर टाकलीत, आणि वर दांडी दाबत बसलात. ती चांदणीखाली गेली. गोळी मागे रेटली गेली आणि चक्र अडकलं. नंदूचा दोष नाही, कंपनीचाही नाही.”

ते दाण्याकडे बघत राहिले. मी चक्र आत घातलं, हाताने, हळू. घोडा मागे ओढला आणि ऐकलं. एक, दोन, तीन, सहाही घरं वेळेवर. कपाटावर आपटूनसुद्धा काही बिनसलं नव्हतं. नुसती मुठीच्या कडेला एक खोक पडली होती. आणि भरलेलं हत्यार आपटल्यावर सुटलं नाही, ही कुठल्याही रिव्हॉल्व्हरची सगळ्यात अवघड परीक्षा. तीही पास. त्या दिवशी त्या खोलीत एकटं तेच शहाण्यासारखं वागलं होतं.

“मग?” साळुंखे म्हणाले. त्यांचा राग गेलाही होता. आला तसा जायचा, आणि गेला की तो आला होता हेच त्यांना आठवायचं नाही. “मंजे चोख हाय म्हणतीस?”

“चोख आहे.”

“घ्यायसारखं हाय?”

“आहे. ह्या किमतीत असं दुसरं मिळणार नाही.”

“बघ! मी म्हणत नव्हतो?” त्यांनी नंदूच्या पाठीवर थाप मारली. “चल, पेटीत घाल. आनि च्या सांग रे फक्कड. मेव्हण्याला उगं बोललो मी, काय मनात धरू नगंस.”

नंदू हलला नाही. तो माझ्याकडेच बघत होता. आणि कुणास ठाऊक कसं, त्यांनी चहा सांगितला ना, त्या चहाने माझं डोकं फिरलं.

“घेण्यासारखं आहे,” मी म्हणाले, “पण तुमच्या हातात देण्यासारखं नाही.”

“काय म्हणलीस?”

“तुम्हाला राग आला की हाताला लागेल ते तुम्ही उचलता. एकदा तांब्या लागला. एकदा मिक्सरचं भांडं लागलं. खुर्ची लागली. नंदू, ही भुवईवरची खूण कपाटाच्या दाराची नाही. आज ह्यांच्या हाताला हे लागलं होतं, आणि आत गोळी होती. मी खोट शोधत होते सकाळपासून, ती सापडली. ती रिव्हॉल्व्हरमध्ये नव्हती.”

“घरातल्या गोष्टी दुकानात बोलतीस?” ते हळू आवाजात म्हणाले. आवाज हळू झाला की जास्त भ्यायचं, हे मला ठाऊक होतं. “चल घरी. मग बघतो.”

“हे घरात येणार असेल तर मी येणार नाही. काय न्यायचं ते तुम्ही ठरवा.”

हे मी ठरवून बोलले नव्हते. बोलल्यावर मी टेबलाची कड धरली. ते मात्र विचारात पडले. खरोखर पडले, हे मला दिसलं. कपाळाला आठ्या घालून ते एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या रिव्हॉल्व्हरकडे बघत होते, बाजारात दोन बैलांपुढे उभा राहिलेला माणूस बघतो तसे. आणि मला लाज वाटते सांगायला, पण मी वाट बघत होते. त्यांनी ‘राहू दे मग ते’ एवढं म्हटलं असतं तर मी त्यांच्यामागोमाग जीपमध्ये जाऊन बसले असते.

“नंदू,” ते म्हणाले, “पेटीत घाल ते.”

नंदूने माझ्या हातातून रिव्हॉल्व्हर घेतलं. आतल्या कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

“मी देत नाही, दाजी.”

“गिऱ्हाईक परत लावतोस? महिनं झालं, कुत्रं इचारत न्हाई त्याला.”

“नसू दे. मी देत नाही.”

“दुकानं काय जगात एकच हाय व्हय?” साळुंखे म्हणाले, आणि पडदा बाजूला सारून बाहेर गेले.

जीप सुरू झाल्याचा आवाज आला. ती निघाली नाही. हॉर्न वाजला. जरा थांबून पुन्हा वाजला. मग त्यांनी हात हॉर्नवरच ठेवला. समोरच्या दुकानातले लोक बाहेर येऊन बघायला लागले. प्रत्येक हॉर्नला माझे पाय आपोआप उठायला बघत होते, आणि त्या पायांचाच मला भयंकर राग येत होता.

“आक्का,” नंदू म्हणाला, “तुला जायचं असलं तर…”

“झाडू कुठे आहे?” मी म्हणाले. “ह्या अक्षता सगळ्या हत्यारांत गेल्या असतील. एकेक उघडून बघायला पाहिजे.”

मी झाडायला घेतलं. काही वेळाने हॉर्न थांबला. जीप निघून गेली आणि रस्ता मोकळा झाला, तेव्हा नंदू बाहेर जाऊन बघून आला. बाजूला बसून तो बंदुका उघडायला लागला.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी परत गेले नाही. नंदूबरोबर दुकान बघते. तपासायला आलेलं हत्यार आधी माझ्याकडे येतं. पहिले काही दिवस मात्र मी रस्त्यावर जीप वाजली की दाराशी जायचे, हे खोटं कशाला सांगू? एकदा यावं, म्हणावं, नाही घेत ते, चल. एवढं तर कुठलाही माणूस म्हणेल, असं मला वाटायचं.

दसऱ्याचा पुढचा आठवडा संपता संपता नंदूला पुण्याच्या एका दुकानदाराचा फोन आला. धंद्यातला जुना ओळखीचा माणूस. नंदूने बोलता बोलता माझ्याकडे बघितलं आणि फोन माझ्यापुढे धरला. त्याला वाटलं असावं, हे मी माझ्याच कानांनी ऐकावं.

“तुमचे दाजी येऊन गेले हो,” तिकडून तो कौतुकाने सांगत होता. “झुंजार रॉयल घेऊन गेले. मी म्हटलं, साहेब, ह्यापेक्षा चांगली दाखवतो, दुसरी बघा तरी. बघायलाच तयार नाहीत. मग म्हटलं, निदान एकदा चालवून बघा. तर म्हणाले, गरज नाही. आमच्या मंडळींनी बघून सांगितलंय, चोख आहे. हत्याराच्या बाबतीत आम्ही त्यांच्या शब्दाबाहेर जात नाही.”